टेकडीखालचा यजमान

पुण्यात राहणाऱ्या माणसाकडे जून महिन्यात दोघांचे आगमन ठरलेले असते: पावसाचे आणि मुलांच्या प्रवेशासाठी येणाऱ्या नातेवाइकांचे. त्यांपैकी पाऊस कधीकधी लांबतो. यंदा साताऱ्याहून माझे मेहुणे सहकुटुंब आले, ते चिरंजिवांचा प्रवेश पक्का करण्यासाठी. ते काम पहिल्याच दिवशी सकाळी अकराला उरकले आणि पुढचे अडीच दिवस पुणे बघण्यासाठी मोकळे झाले. यात चूक माझीच होती. "या हो, टेकड्यांच्या कुशीतले विद्येचे गाव आहे, दोन दिवस कमी पडतील," असे मी फोनवर मोठ्या तोंडाने बोलून बसलो होतो.

विद्येपुरते बोलून थांबलो असतो तर निभावले असते. परंतु मेहुणे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेले आहेत आणि सकाळचा पहिला चहा गड उतरून आल्याशिवाय घेत नाहीत. मी मात्र प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत चौतीस वर्षे राहत असून टेकडी पाहिली आहे ती बहुधा गॅलरीत कपडे वाळत घालताना. टेकडी जवळ असणे आणि आपण टेकडीवर असणे यांतला फरक इतक्या वर्षांत मला कोणी विचारला नव्हता.

सुरुवात मी धोरणाने सपाटीवरून केली. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवारात शिरताच, १८८५ साली टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कसे उभे केले, कोशकार वामन शिवराम आपटे त्याचे पहिले प्राचार्य कसे होते आणि केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पुढे तेथेच अनेक वर्षे प्राचार्य कसे होते, हे सगळे मी सावलीत उभे राहून, घाम न येता सांगितले. मेहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग दाजी, फर्ग्युसन कोण?" ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, असे मी सांगताच त्यांचा दुसरा प्रश्न आला, "म्हणजे काढलं टिळकांनी आणि नाव गव्हर्नरचं?" यावर मी सर्वांचे लक्ष समोरच्या एका वडाच्या पारंब्यांकडे वेधले. ते वेधणे महागात पडले, कारण चिरंजिवांना वडाच्या पलीकडे हनुमान टेकडी दिसली.

टेकडीची पाऊलवाट पहिली शंभरेक पावले माणसाशी गोड बोलते. मग ती अचानक उभी राहते आणि पायाखाली मुरूम घसरू लागतो. चिरंजीव पुढे पळाले, मेहुणे त्यांच्यामागे हात पाठीशी बांधून, जणू बाजारात भाजी बघायला निघाल्यासारखे चालू लागले, आणि माझ्या छातीत लोहाराचा भाता सुरू झाला. परंतु यजमानाने पाहुण्यांसमोर धापा टाकणे बरे दिसत नाही. त्या क्षणी मला एक युक्ती सुचली, जिच्यावर पुढचे दोन दिवस मी जगलो: दम लागला की थांबायचे नाही, माहिती द्यायची.

पहिल्या वळणावर मी एका झुडपासमोर उभा राहून म्हणालो, "हे गिरिपुष्प. वनखात्याने टेकड्यांवर लावलेले परदेशी झाड. याच्या विषाने उंदीर मरतात म्हणून लोक याला उंदीरमारी म्हणतात." दुसऱ्या वळणावर झुडूप नव्हते, म्हणून मी पायाखालचा काळा दगड दाखवला. हा बसाल्ट, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, असे सांगून त्या लाव्ह्याचे थर एकावर एक कसे साचत गेले ते मी एकेक थर करून समजावले. एवढा मोठा काळ सांगायला साहजिकच वेळ लागतो. चौथ्या थरापर्यंत माझी नाडी ठिकाणावर आली होती.

वरच्या एका बाकावर पांढऱ्या बुटांतले चार ज्येष्ठ नागरिक बसले होते. टेकडीवर वयाला किंमत नसते, तेथे सेवाज्येष्ठता चालते. त्यांच्यातल्या एकाने मला आपादमस्तक न्याहाळून, "नवीन दिसता?" असे विचारले. मी चौतीस वर्षांचा रहिवास सांगितला. ते म्हणाले, "खाली." या एका शब्दावर मेहुणे इतके खूश झाले, की परतताना बन-मस्का त्यांनी स्वतःच्या पैशाने खाऊ घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विद्यापीठ दाखवले. त्याची स्थापना १९४९ सालची, पण मुख्य इमारत त्याहून जुनी. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात तेथे मुक्कामाला येत. ४०० एकरांहून मोठे, दाट झाडीचे आणि मुख्य म्हणजे चालायला सपाट असे हे आवार मला अत्यंत प्रिय आहे. तेथे मी काहीही माहिती दिली नाही; गरजच पडली नाही.

संध्याकाळी पर्वती. पायऱ्या १०३ आहेत हे मला पाठ होते. मात्र त्या कशा आहेत हे पाठांतरात नव्हते. पर्वतीची पायरी रुंद आणि बसकी आहे. एका पावलात ती संपत नाही आणि दोन पावले टाकावीत तर दुसरे पाऊल कडेवर येऊन लटकते, त्यामुळे प्रत्येक वेळी चढ त्याच एका गुडघ्याच्या वाट्याला येतो. माझ्या बाबतीत तो डावा होता आणि डॉक्टरांनी जपायला सांगितला आहे तोही डावाच. शेजारून एक आजी नातवाला कडेवर घेऊन, फोनवर सुनेशी बोलत बोलत वर निघून गेल्या.

तिसाव्या पायरीवर मी कठड्याला टेकून नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेल्या देवदेवेश्वराच्या मंदिराविषयी बोललो. पंचेचाळिसाव्या पायरीवर, खाली दिसणाऱ्या सारसबागेच्या जागी पूर्वी तळे होते आणि म्हणून तिथला गणपती तळ्यातला, हे सांगितले. त्या गणपतीला थंडीत लोकरीचा स्वेटर आणि टोपी घालतात, हेही जोडले, कारण श्वास अजून परतला नव्हता. साठाव्या पायरीवर मी पानिपतावर आलो. १७६१ च्या जानेवारीतला तो पराभव आणि त्या धक्क्याने खचलेल्या नानासाहेबांचा त्याच वर्षी येथेच, पर्वतीवर झालेला अंत मी इतक्या अडखळत, इतके दीर्घ उसासे टाकत सांगितला, की मेहुण्यांच्या पत्नीने डोळ्यांना पदर लावला. मेहुण्यांनी मात्र नुसतेच माझ्याकडे पाहिले.

ऐंशीव्या पायरीवर मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "दाजी, बसा. इतिहास कुठं पळून जात नाही." मग मागे वळून चिरंजिवांना म्हणाले, "मामांचं पुढचं साल येईपर्यंत तू वर जाऊन ये."

चोरी उघडकीस आल्यावर मन हलके होते म्हणतात. माझे गुडघेही झाले. उरलेल्या पायऱ्या मी उघडपणे, देवाचे नाव घेत आणि कमरेवर हात ठेवून चढलो. वर वारा सुंदर होता. तटाशी बसून सगळे शहर पायाखाली दिसत असताना मी सवयीने बोललोच, की ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई चालू असताना दुसरे बाजीराव येथूनच ती पाहत होते. मेहुणे म्हणाले, "म्हणजे वर बसून बघायची पद्धत जुनीच आहे." पत्नी माझ्या बाजूने काहीतरी बोलेल अशी अपेक्षा होती. ती हसत होती.

रविवारी सिंहगड होता. समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून अधिक उंची, हा आकडा मला साताऱ्याच्या तोंडावर मारण्यासाठी फार उपयोगाचा होता आणि तो मी घराच्या दारातून, त्यांना निरोप देताना मारला. मंडळी पायवाटेने चढून गेली, वर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाऊन उतरली आणि मेहुण्यांनी गड बरा असल्याचे मान्य केले. त्याच संध्याकाळी ती साताऱ्याला परतली.

चिरंजीव मात्र येथेच वसतिगृहात राहिले. निघताना त्यांच्या आईने, "मामांकडं लक्ष दे, दम लागतो त्यांना," असे सांगितल्याचे मी ऐकले होते, परंतु त्याचा अर्थ मला पुढच्या रविवारी पहाटे पावणेसहाला घंटी वाजली तेव्हा कळला. दारात चिरंजीव उभे होते, पायात नवे बूट, पाठीवर पिशवी.

"मामा, आज वेताळ टेकडी. शहरातली सगळ्यात उंच आहे म्हणे," ते अत्यंत आदराने म्हणाले. "तिचा इतिहास पुष्कळ असेल ना?"

मी गुडघ्याचे काही सांगणार होतो, पण तेवढ्यात आतून पत्नीने माझे बूट आणून ठेवले.