सही करा, पुढचं शाळा बघेल

मुलाच्या दप्तरातून भाजीच्या तेलाचा डाग पडलेलं संमतीपत्र निघालं, तर ते वाचायला बसू नका. वाचलं की शंका येते, शंका आली की बाईंना फोन करावासा वाटतो, आणि फोन केला की वर्गाच्या ग्रुपवर 'काही पालक सहकार्य करत नाहीत' असा मेसेज पडतो. नाव नसतं. सगळ्यांना कळतं.

'संमती' या शब्दाला बिचकू नका. खालीच लिहिलेलं असतं, 'उद्या सकाळी ९ पर्यंत न चुकता आणणे.' अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींसाठीचा १२ अंकी क्रमांक, ऐच्छिक आहे, दिलेली संमती मागेही घेता येते. कागदावर सगळं आहे. पण फॉर्म न आणणाऱ्यांना वर्गात उभं करतात, आणि ऐच्छिक म्हणजे काय ते सातवीतल्या पोराला उभ्याउभ्याच कळतं. शेवटी ते बाबांची सही स्वतःच ठोकतं. बाबांपेक्षा बरी करतं.

कायदाबियदा तर काढूच नका. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि चुकल्यास दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तयारीला १८ महिन्यांची मुभा. तोवर आपलं चालू द्या. आणि हे आकडे बाईंना तरी कशाला ऐकवता? त्यांचं पोर्टल रात्री ११ नंतर चालतं, आणि वरून 'शंभर टक्के झालं का' अशी रोज विचारणा.

आता शाळेतलं सर्वेक्षण. 'घरात भांडणं होतात का? वडील दारू पितात का? रात्री रडू येतं का?' एनसीईआरटीने २०२२ मध्ये ३.७९ लाख मुलांच्या मानसिक आरोग्याची पाहणी केली, तेव्हा नाव लिहिणं ऐच्छिक ठेवलं होतं. असला भोळेपणा आपल्याकडे नको. आधी नाव, तुकडी, हजेरी क्रमांक, मग मनातलं.

यथावकाश '७वी ब फायनल फायनल' नावाची एक्सेल फाइल ग्रुपवर येईल: जात, आधार, बँक खातं, रक्तगट, 'स्पेलिंग तपासून घ्या.' तुम्ही प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाल. त्याच्या डेस्कटॉपवर ती आधीच उघडी असेल.

"तुमचा ओ पॉझिटिव्ह ना, ताई? चुकलंय इथे. मी करून टाकतो दुरुस्त."