बाबांचे रोडगे

बाबा गेले आणि शेतातला वाघ्या कुत्रा वाळत चालला. त्याच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. मुक्या जनावराला जास्त कळतं, असं म्हणत आम्ही सगळ्यांनी डोळे पुसले. त्याच भरात मी पारावर बोलून गेलो, "यंदाही रोडग्यांची पंगत होणार. रोडगे मी करणार."

एरवी पाण्याचा ग्लाससुद्धा हाताने न घेणारे बाबा मार्गशीर्षात शेतातल्या बोरीखाली मांडी ठोकून रोडगे, म्हणजे निखाऱ्यात भाजायचे कणकेचे जाड गोळे, करायला बसत, ते कुणाला जवळ येऊ देत नसत. त्यामुळे कृती कुणालाच ठाऊक नव्हती आणि म्हणूनच अख्ख्या गावाला ठाऊक होती. एक काका म्हणाले, मोहन असं पाहिजे की कणकेची मूठ वळली पाहिजे. दुसरे उसळले, "मोहन? तुह्या बापानं जिंदगीत घातलं नाई!" ओव्यावरून तर दोन सख्खे चुलतभाऊ बोलेनासे झाले.

मी डिजिटल वजनकाटा नेला. माणशी पाव किलो, चाळीस माणसं, 10 किलो जाडसर कणीक. पाऱ्या लाटल्या, तेल लावून एकावर एक ठेवल्या, वरून मोठ्या पारीत गुंडाळून तोंड बंद केलं. इथवर मी बाबांचा मुलगा शोभत होतो.

मग गवऱ्या. जाळ आणि धूर पुरता बसला की रोडगे निखाऱ्यात ठेवून वरून गरम राख ओढायची. पण अवकाळीने गवऱ्या ओलावलेल्या, धूर बसेचना. डोळ्यांतून धारा लागल्या. तेवढ्यात आत्या धावत आली आणि मला कवटाळून हंबरडाच फोडला.

"आत्या, धूर आहे गं."

"रड बाप्पा, रड. मनात ठेवू नोको."

तिच्या मागोमाग दोन मावश्या आल्या. माझं सांत्वन संपेपर्यंत रोडग्यांचा रंग गेला होता.

पंगत बसली. वांग्याची भाजी फक्कड होती. मिरची भिवापूरची, हळद वायगावची, ही बाबांची अट पाळलेली. शिवाय भाजी आईने केली होती. रोडगा मात्र बाहेरून कोळसा आणि आतून पीठ. पंगतीत तुपाची धार ऐकू येईल इतकी शांतता. मी मान खाली घातली. एवढ्यात पहिल्या पानावरचे आजोबा घास गिळून म्हणाले, "अगदी तुह्या बुवाच्या हातचा!" चाळीसही माना डोलल्या.

मला भरून आलं. या खेपेला धूर नव्हता. आईजवळ जाऊन म्हटलं, "लोक किती चांगले आहेत गं. माझं मन राखायला खोटं बोलतात."

"खोटं काऊन बोलतीन?" आई भाजी वाढता वाढता म्हणाली. "त्यायचेही मंधातून कच्चेच रायत. पन सांगन कोन त्यायले?"

मी वळून पाहिलं. पंगतीच्या पाठीमागे, पत्रावळींच्या अगदी टप्प्यात, वाघ्या आपल्या जुन्या जागी येऊन बसला होता. पंगत उठली तेव्हा तो चारी पाय वर करून झोपला होता, आणि पोट असं तट्ट फुगलेलं, की फासळी एक दिसेना.