आक्कांचा अंगठा

आमच्या शेजारच्या आक्कांनी आयुष्यभर विड्या वळल्या आणि तेंदूच्या पानांनी त्यांच्या बोटांवरच्या रेषा हळूहळू काढून नेल्या. सोलापुरात ही काही नवलाची गोष्ट नाही. मात्र संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १,५०० रुपये आधारच्या वाटेने थेट खात्यात येऊ लागले आणि आक्कांना आपण आक्काच आहोत हे यंत्राला पटवून देणे भाग पडले. थेट लाभ हस्तांतरण देशात १ जानेवारी २०१३ रोजी सुरू झाले ते मधले हात काढून टाकण्यासाठी. ते हात बऱ्याच अंशी गेलेही, फक्त शेवटच्या हाताची बोटे यंत्राला ओळखू येईनाशी झाली.

गल्लीतला शिकलेला माणूस म्हणून आक्कांबरोबर सेवा केंद्रात जाण्याचे काम माझ्याकडे आले. तिथल्या मुलाने "मावशी, हात धुऊन या" असे सांगितले, मग "पदराला पुसा", मग "जरा जोरात दाबा". आक्कांनी इतक्या जोरात दाबले की यंत्र टेबलावरून घसरले, पण ठसा काही उमटला नाही. त्यानंतर चेहऱ्याची पाळी आली. पुरेशा प्रकाशात उभे राहा, अशी सूचना पडद्यावर झळकली, आणि मे महिन्यातल्या सोलापुरात, दुपारी एक वाजता, आम्ही प्रकाश शोधण्यासाठी बाहेर पडलो! उन्हाने आक्कांचे डोळे मिटत होते आणि यंत्राला ते उघडून मिचकावलेले हवे होते.

ओटीपीचा मार्ग उरला होता. आधारला जोडलेला क्रमांक जावयांचा निघाला. जावई चाकणला रात्रपाळी करून दिवसा झोपतात. ते उठेपर्यंत ओटीपीची मुदत संपे, आणि नवा मागवेपर्यंत ते पुन्हा झोपी जात.

एवढे सगळे पार पडून पडद्यावर "रक्कम जमा" असे दिसू लागले, तरी पासबुकात छदाम नव्हता. अर्जाला ज्या पासबुकाची प्रत जोडावी लागते, त्याच खात्यात पैसे येतील असा भाबडा समज माझ्यासारख्यांचा असतो. प्रत्यक्षात आधार शेवटचे ज्या खात्याला जोडले गेले असेल तिकडे रक्कम निघून जाते. अर्जातला खातेक्रमांक बहुधा शिष्टाचार म्हणून विचारत असावेत. आक्कांनी गॅसच्या अनुदानासाठी कधीकाळी आपले जनधन खाते आधारला जोडले होते आणि ते त्या स्वतःच विसरल्या होत्या. बँकेतल्या बाईंनी ते खाते शोधून काढले, तेव्हा सगळे हप्ते तिथे शिस्तीत येऊन बसलेले आढळले.

मी उत्साहाने नेहमीच्या खात्याला आधार जोडण्याचा अर्ज मागितला. आक्कांनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि बाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "राहू द्या अण्णा. या खात्याचं सुनेला ठाऊक नाही."