टेपने उजेड मोजता येत नाही

मागचे काही महिने माझ्या बेडरूमचं छत रात्रभर रंग बदलायचं. लाल, मग निळं, मग पांढरंफटक, की पुन्हा लाल. पडदा कितीही ओढला तरी कडेच्या फटीतून एक पट्टा बरोबर उशीवर यायचा. समोरच्या इमारतीवर दुकानाचा नवा एलईडी बोर्ड लागला होता.

तक्रार केली. तपासणीला एक गृहस्थ आले, सकाळी ११ वाजता, लख्ख उन्हात. खिशातून टेप काढला, कोणाला तरी एक टोक धरायला लावलं, लांबी घेतली, रुंदी घेतली आणि म्हणाले, "नियमात बसतो."

"साहेब, एकदा रात्री येऊन बघा ना."

त्यांनी हातातला फॉर्म माझ्यापुढे धरला. आकार, उंची, इमारतीपासून किती बाहेर आलाय, परवाना क्रमांक. उजेडाचा रकानाच नव्हता. बरं, त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. जे मोजायला सांगितलं होतं ते त्याने इमानदारीत मोजलं.

तेव्हापासून मला जगभरातले पाट्यांचे नियम वाचायचा नाद लागलाय. (घरचे वैतागलेत.) आणि माझं मत असं झालंय की बरेच नियम अजून पत्र्यावर रंगवलेल्या पाटीच्या काळातच आहेत. पत्र्याची पाटी मोठी असली तर त्रास मोठा, लहान असली तर लहान. तिथे टेप चालतो. एलईडी बोर्ड ही पाटी नाहीच मुळी, तो दिवा आहे. एकाच मापाचे दोन बोर्ड शेजारी लावा. एक डोळ्याला गार वाटेल आणि दुसरा समोरच्या चौथ्या मजल्यावरच्या माणसाला उठवून बसवेल.

कारण साधं आहे. बाहेरचा बोर्ड भर उन्हात वाचता यावा म्हणून बनवलेला असतो. त्याची चमक ५००० निट (निट म्हणजे पडद्याची चमक मोजायचं एकक) आणि त्याच्याही वर जाते. घरात बसून आपण मोबाईल बघतो तेव्हा तो काहीशे निटच्या घरात असतो. अंधार पडल्यावर बोर्डालाही तेवढं पुरतं. उजेड ओळखून आपोआप मंद होण्याची सोय चांगल्या बोर्डांत असते, पण सेन्सर जोडलाच नाही किंवा सेटिंग १०० वर ठेवून माणूस निघून गेला, तर दुपारचा बोर्ड रात्रभर दुपारसारखाच जळतो. गंमत म्हणजे त्याने दुकानदाराचाही फायदा होत नाही. अंधारात अति चमकणारी अक्षरं एकमेकांत मिसळतात. दिसतो तो नुसता झगमगाट, वाचता काही येत नाही.

मग मोजायचं कसं? अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांनी यावर एक सोपी युक्ती लिहून ठेवली आहे. बोर्डाचं क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्यायचं, त्याला १०० ने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. येईल तितके फूट लांब उभं राहायचं. १०० चौरस फुटांचा बोर्ड असेल तर १०० फूट, २५ चा असेल तर ५० फूट. रात्री तिथे उभं राहून, तिथे पडणारा उजेड बोर्ड बंद असताना एकदा मीटरने मोजायचा आणि सगळा पांढरा पेटवून पुन्हा एकदा. फरक ०.३ फूट-कँडलच्या वर नको. म्हणजे साधारण ३.२ लक्स; दोन्ही एककं एखाद्या जागी किती उजेड पडतो ते सांगतात. पौर्णिमेचं चांदणं ०.३ लक्सच्याही आतच असतं. म्हणजे चांदण्याच्या दहापट उजेडाला मुभा आहे! कंजूस नियम म्हणता येणार नाही.

माझी एकच तक्रार आहे. हे अंतर रस्त्यावर मोजतात. माझी खिडकी त्या अंतराच्या आत आली तर मी काय करायचं? माप खिडकीतही घ्या. त्रास जिथे होतो तिथे मीटर धरा.

दुसरी भानगड हलण्याची. रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या डिजिटल बोर्डांसाठी अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने २००७ मध्ये सांगितलं की एक चित्र ४ ते १० सेकंद स्थिर राहावं, ८ सेकंद उत्तम. गाडी चालवणाऱ्याच्या हिशोबाने ठीक आहे. ताशी १०० किलोमीटरने जाताना २ सेकंद नजर हटली तर गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. पण झोपलेल्या माणसाचा हिशोब करून बघा. ८ तासांची झोप, दर ८ सेकंदांनी नवं चित्र. ३६०० वेळा छताचा रंग बदलला! ड्रायव्हरसाठी केलेला नियम झोपणाऱ्याच्या कामाचा नाही, त्याला वेगळा नियम लागतो.

तो फ्रान्समध्ये आहे. दुकान बंद झालं असेल तर रात्री १ ते सकाळी ६ दिव्याची पाटीही बंद. उघडझाप करणाऱ्या पाट्यांना तर मनाईच आहे, सूट फक्त औषधांची दुकानं आणि तातडीच्या सेवांना. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. रात्री २ वाजता ज्याला औषध हवंय त्याला ती पाटी दिसलीच पाहिजे. बाकीच्यांनी झोपावं.

एक मात्र आहे, सगळीकडे अंधार करा असं माझं म्हणणं नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९८७ पासून उलटा नियम आहे. तिथल्या नव्या इमारतींनी लखलखत्या पाट्या लावल्याच पाहिजेत. आणि ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफने १९५८ मध्येच जाहिरातीचे सर्चलाइट बंद केले, कारण तिथे वेधशाळा आहेत. प्लूटो तिथूनच सापडला. ज्या जागेचा जो धर्म, तसा उजेड. पण दोन्हीकडे नियम उजेडाचा आहे, हे लक्षात घ्या.

पाटीवर काय लिहिलंय यात मात्र शहराने नाक खुपसू नये. ॲरिझोनातल्याच गिल्बर्ट गावाने विचार मांडणाऱ्या पाट्यांना मोठं माप दिलं आणि कार्यक्रमाची वाट दाखवणाऱ्यांना छोटं. एका चर्चने खटला भरला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गावाचा नियम मोडीत काढला. उजेड मोजा, मजकूर नको.

आता दुकानदाराची बाजू. शेवटी मी समोरच्या मालकांनाच एका रात्री वर बोलावलं. ते पलंगाच्या कडेला बसले आणि छताकडे बघत राहिले. लाल, निळं, पांढरं.

"असं होतंय होय? खालून काही कळतच नाही."

बोर्ड बसवणाऱ्याला तिथूनच फोन लावला. त्याने सांगितलेलं ॲप उघडलं तर ब्राइटनेसची पट्टी शेवटच्या टोकाला, १००. फॅक्टरीतून आला तसाच. खाली आणताना त्यांचं बोट ४० वर थांबलं. "मी कमी करतो हो, पण शेजारच्याने नाही केला तर आम्ही अंधारात जाणार." त्यांचं हे म्हणणं मला सोळा आणे पटलं. एकट्याने चांगुलपणा केला तर त्याचंच नुकसान. सगळ्यांना एकच आकडा, तोही लेखी, असेल तरच लहान दुकानदार बिनधास्त पट्टी खाली ओढेल.

तरी त्यांनी २० वर आणली. ते गेल्यावर मला झोप काही आली नाही, म्हणून खिडकीत उभा राहिलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोर्डावरची अक्षरं सुटी सुटी दिसत होती. खालची बारीक ओळसुद्धा वाचता आली : दुकानाची वेळ सकाळी १० ते रात्री ९.

घड्याळात दीड वाजला होता.