रंकाळ्याच्या फेऱ्या पुरेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की कंपवात (पार्किन्सन) काय नि लकवा काय, दोन्ही मेंदूचेच आजार. रंकाळा तलावावर रोज फेरी मारली की पाय सुटतात, मग मी दोघांसाठी व्यायामाचे वेगळे तक्ते दिले ते कशाला? आणि लकव्याच्या हातात दाबायला चेंडू देऊ नका, असं मी लिहिलं होतं, ते तर तुम्हाला मुळीच पटलेलं नाही.

चालणं चांगलंच. पण पाय कशानं अडतोय ते आधी बघायला हवं. लकव्यात एका बाजूचं बळ गेलेलं असतं. पंजा लोंबतो, अंगठा फरशीला अडकतो. त्यात पायात कोल्हापुरी असेल तर मागं पट्टा नसल्यानं ती निसटते. म्हणून फेरीआधी खुर्चीवरून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवा. पावलं गुडघ्यांच्या जरा मागं, अधू पाऊल चांगल्याच्याही किंचित मागं, मग पुढं वाकून उठायचं. अधू पाऊल पुढं राहिलं तर सगळा भार चांगला पायच उचलतो आणि व्यायाम त्याचाच होतो. उठवताना अधू हात धरून कधीच ओढू नका, खांद्याला इजा होते.

कंपवातात बळ बरंचसं शाबूत असतं, हालचाल आपसूक सुरू होत नाही. उंबरा, गर्दी, वळण आलं की पाय जमिनीला चिकटतात. अशा वेळी ओढलं तर धड पुढं जातं, पाय तिथंच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. थांबू द्या, भार एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग एक मोठं पाऊल. घरात अडणाऱ्या जागी फरशीवर पावलाच्या अंतरानं रंगीत पट्ट्या चिकटवा. वळायचं ते गिरकी न घेता, अर्धगोलात.

कंपवातात गोळीची वेळ बघून व्यायाम करा, हा माझा आग्रह याचसाठी. लेवोडोपा ही कंपवाताची गोळी बहुतेकांना अर्ध्या ते एका तासात लागू होते. पहाटे गोळीआधीच रंकाळ्यावर नेलं तर दिवसातली सर्वात अवघड वेळ निवडली जाते. (गोळीसोबत दूधही नको, प्रथिनांमुळे काहींना तिचा गुण उशिरा येतो.)

चेंडूबद्दल मी सरसकट लिहिलं, ते चुकलं. बोटं सहज उघडत असतील तर हरकत नाही. पण मूठ आधीच आवळलेली असेल तर दाबण्यापेक्षा सोडण्याचा सराव हवा: प्लॅस्टिकचा पेला धरायचा, टेबलावर ठेवायचा, बोटं पूर्ण उघडून हात मागं घ्यायचा.