पदवीधरांनो, आणखी शिका!

पोरांना नोकरी लागत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या पालकांनो, चूक तुमचीच. तुम्ही त्यांना एकदाच शिकवलंत.

आधी कुठलीही एक पदवी घ्या. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हापासून महाराष्ट्रात जागांना तोटा नाही. फीच्या पावत्यांनाही नाही.

एका पदवीने भागलं नाही तर दुसरी घ्या.

मुलाखतीला जाताना झेरॉक्सचे दोन सेट न्या. परवा आमच्या धाकटीने नेले, अंधेरी पूर्वेला. दहाला बोलावलं, अडीचला आत घेतलं. जाहिरातीत ‘फ्रेशर्स’, आत गेल्यावर ‘दोन वर्षांचा अनुभव आहे का?’ मग एक्सेलमधलं व्हीलुकअप, म्हणजे तक्त्यातून हवी ती नोंद शोधायचं सूत्र, विचारलं. ते तिला येईना. एम.कॉम. झालीये हो पोरगी! पण कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला कायम कुलूप. लॅब फी मात्र दर वर्षी चोख वसूल. शेवटी साहेबांनी मोठ्या मनाने तोडगा काढला: सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप, मग बघू. लॅपटॉप तिचा, विरारपासूनचा पास तिचा, काम त्यांचं. वर सर्टिफिकेट देणार म्हणे. घालायचंय काय चुलीत?

फारच घाई असेल तर कलिन्याला जा. तिथे विद्यापीठही आहे, आणि २०२४ च्या जुलैत विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या नोकरीसाठी हजारोंची झुंबड उडाली तीही तिथेच. त्यात पदवीधर होतेच.

आकडे वाचू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतातल्या पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४. अर्थात, ज्याच्या घरी चूल आजच्या मजुरीवर पेटते त्याला बेकार राहणं परवडतच नाही, मिळेल ते काम तो उचलतो. कर्ज काढून शिकलेली पोरं थांबून बघतात, आणि लोक त्यांना आळशी म्हणतात.

आता २०३५ पर्यंत निम्मी तरुणाई उच्च शिक्षणात आणायचं धोरण आहे. आणा की! पण बाहेर पडल्यावर त्यांना कुठे उभं करणार, हे कोण सांगणार? शिक्षणसम्राटांनो, शिकवायला माणसं नेमा, तासावारी प्राध्यापकांवर किती वर्षं काढणार? आणि अंधेरीच्या साहेब, शिकाऊ उमेदवारालाही विद्यावेतन द्या असं १९६१ चा कायदा सांगतो. ‘इंटर्न’ म्हटलं की पैसे बुडवायची मुभा मिळते का? एसीत बसून पोरांची उमेदीची वर्षं फुकट वापरताय, जरा तरी लाज बाळगा. काम हवंय ना? मग पगार टाका.