वर्गणी नाकारा, मेंटेनन्स थकवू नका

"सोसायटीत राहायचं तर सगळे करतात तेच करा" हा उत्सवाच्या वर्गणीवरच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. घोडबंदर रोडचे टॉवर घ्या नाहीतर वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती, भांडण तेच: उत्सवाची वर्गणी, त्यातून डीजे, आणि एखाद्या घराला तो मान्य नसतो.

तत्त्वाला धरून राहणारी माणसं फसतात ती रागाच्या भरात अख्खं बिल अडवून. मग तुम्ही थकबाकीदार ठरता, थकबाकीवर सरळव्याज लागू शकतं आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. वर्गणी बिलात घुसवली असेल तर तेवढीच रक्कम वगळून बाकीचं मुदतीत भरा. सोबत दोन ओळींचं पत्र द्या, प्रतीवर सेक्रेटरीची सही-तारखेसह पोच घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या वादावादीला कागदावर किंमत शून्य.

सभेत "माझा विरोध नावानिशी इतिवृत्तात नोंदवा" एवढंच म्हणा, भाषण नको. कच्चं इतिवृत्त आलं की नीट वाचा. बऱ्याचदा तिथे 'सर्वानुमते' हळूच बसवलेलं असतं. हरकत 15 दिवसांत, लेखी.

आणि हो, मंडपच नको म्हणायचा हक्क यातून मिळत नाही. आरती शेजाऱ्यांची, त्यांना करू द्या. आवाजाचं वेगळं: निवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. रात्री 10 नंतर स्पीकरला ठरावीक दिवशीच सूट असते. ती यादी आधी बघा, मग 112 फिरवा.